वाचा आणि मेंदू

“अंगावरून वारें गेलें आणि वाचा बसली,” हे शब्द आपल्या फुलंब्रीच्या परिसरांत कोणाच्या कानीं पडले नाहींत? अशा रोग्याची पुष्कळदां उजवी बाजू लुळी पडलेली असते. उजव्या अंगाचा वाचेशीं संबंध काय, हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मेंदूचे दोन गोलार्ध असतात. डावा गोलार्ध उजव्या अंगाची हालचाल चालवितो, उजवा डाव्या अंगाची. वाचा जाते ती डाव्या गोलार्धास इजा झाल्यानें, असें फ्रान्समधील मार्क डाक्स या वैद्यानें १८३६ सालीं लिहून ठेविलें. पण तो लेख त्याच्या हयातींत प्रसिद्ध झाला नाहीं.

पुढें १८६१ सालीं पॅरिसनजीकच्या बिसेत्र रुग्णालयांत लबोर्न्य नांवाचा रोगी पॉल ब्रोका या शस्त्रवैद्याकडे आला. त्याचें उजवें अंग लुळें होतें आणि मुखांतून बहुधा “तान, तान” एवढेंच निघे. येथें किती वर्षें झालीं, असें विचारतां त्यानें पंजा चार वेळां उघडला व वर एक बोट दाखविलें. एकवीस वर्षें! हिशेब अगदीं बरोबर होता. थोड्याच दिवसांत तो वारला. ब्रोकानें मेंदू तपासला, तों डाव्या गोलार्धाचा पुढील भाग बिघडलेला आढळला. असे आणखी रोगी पाहून १८६५ सालीं त्यानें डाव्या गोलार्धाचें हें महत्त्व स्पष्टपणें मांडलें.

१८७४ सालीं जर्मनीच्या कार्ल वेर्निके यानें दुसरा प्रकार दाखविला. डाव्या गोलार्धांतच कांहींसें मागें इजा झाली, तर रोगी भरभर बोलतो. पण बोलण्यास अर्थ नसतो व दुसऱ्याचें बोलणेंही त्यास नीट उमगत नाहीं. बहुतेकांची भाषा डाव्या गोलार्धांत असते. कांहीं डावखुऱ्यांची मात्र उजव्या गोलार्धांत आढळते.

यांतून घेण्याजोगा बोध असा, कीं वाचा गेली म्हणजे बुद्धि गेली असें नव्हे. लबोर्न्यच्या बोटांनीं तें सिद्ध केलें. तोंड वांकडें होऊन बोलणें अडखळूं लागतांच रोग्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें. तेथें पहिले कांहीं तास फार मोलाचे असतात. आणि वाचा परतली नाहीं, तरी घरांतील आजोबांशीं सावकाश, एका वेळीं एकच गोष्ट बोलावी, खुणा पाहाव्या आणि उत्तरासाठीं थांबावें. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयीं, जणूं ते तेथें नाहींतच, असें कधींही बोलूं नये.