मतभेदाला जागा देणारी मंडळी

सौंसरजवळच्या जामसांवलीला पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीमुळे सारा विदर्भ ओळखतो. सौंसर-पांढुर्णा हा मध्य प्रदेशातला मराठी बोलणारा पट्टा. २०२३ पर्यंत तो छिंदवाडा जिल्ह्यात होता, आता पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आहे. उत्तरेला छिंदवाड्यात स्वीडनच्या मिशनऱ्यांनी रुजवलेल्या लुथरन चर्चचं केंद्र आहे. दक्षिणेला नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ साली स्कॉटिश मिशनचं काम सुरू केलं. या दोन्ही मंडळ्यांची ख्रिस्ती श्रद्धा एकच, पण उपासनेची रीत, कारभार आणि अधिकाराची उतरंड मात्र वेगवेगळी. असे निरनिराळ्या वळणांचे लोक एका छताखाली आले, तर भांडण कसं सोडवायचं? या प्रश्नाचं आपल्या भागातलं सर्वात मोठं उत्तर नागपुरानेच दिलं आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल वारशाचं युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स अशा सहा मंडळ्या त्या दिवशी एक झाल्या. बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली होती. एकत्र यायला एक्केचाळीस वर्षं लागली, कारण वादाचे मुद्दे वरवरचे नव्हते.

पहिला मुद्दा बाप्तिस्म्याचा. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन घरांत तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट आणि ब्रदरेन म्हणतात, माणसाने स्वतः विश्वास कबूल केल्याशिवाय बाप्तिस्मा घ्यायचा नाही. दुसरा मुद्दा बिशपचा: काहींना बिशपशिवाय चर्चची कल्पनाच करता येत नव्हती, तर काहींनी पिढ्यान्पिढ्या बिशपशिवाय कारभार चालवला होता. तिसरा प्रश्न सर्वात नाजूक होता. बिशपने हात ठेवून दीक्षा न दिलेला पाळक पूर्ण पाळक मानायचा की नाही?

या एकीकरणाची योजना आखणाऱ्यांनी जे केलं, ते आजही शिकण्यासारखं आहे. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य झाल्या. एखाद्या पाळकाच्या विवेकाला बालकाचा बाप्तिस्मा पटत नसेल, तर त्याच्यावर सक्ती करायची नाही. त्या कुटुंबासाठी दुसऱ्या पाळकाला बोलवायचं. बिशपपद स्वीकारलं, पण त्याचा अर्थ लावण्याची मोकळीक ठेवली आणि अधिकार घटनेच्या चौकटीत बसवला. दीक्षेचा पेच सोडवायला सर्व परंपरांच्या सेवकांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली. कोणाच्या दीक्षेत काय कमी होतं, हे माणसांनी ठरवलं नाही. ते देवावर सोपवलं.

सगळे आले नाहीत. अमेरिकन परंपरेचं मोठं मेथडिस्ट चर्च अगदी शेवटच्या टप्प्यावर बाजूला झालं. ज्यांना पटलं नाही त्यांना आपल्या वाटेने जाता आलं, हेही या प्रक्रियेचंच अंग आहे.

खरी ठेच पुढे लागली ती जमीनजुमल्याच्या प्रश्नावर. गुजरातमधल्या ब्रदरेन मंडळीने विलीनीकरणाचा ठराव केला होता. पण काही सभासदांनी वेगळं राहायचं ठरवलं आणि मालमत्ता कोणाची, यावरून दावे उभे राहिले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक न्यासाच्या कायद्याखाली येणारे असे प्रश्न दिवाणी न्यायालयाचे नसून धर्मादाय आयुक्तांच्या अधिकारातले आहेत. २०१३ साली निकाल आला की नुसत्या ठरावाने नोंदणीकृत न्यासाची मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे जात नाही. त्यासाठी कायद्याने घालून दिलेली पद्धत पाळावी लागते. बाप्तिस्म्यासारखा शतकांचा वाद ज्यांनी सोडवला, त्यांचं घोडं सात-बारा आणि विश्वस्तांच्या नोंदीवर अडलं.

मला यात एक गोष्ट लख्ख दिसते. जिथे मतभेदाला आधीच लिहून जागा करून दिली, तिथे शांतता टिकली. जिथे संमती गृहीत धरली, तिथे वर्षानुवर्षं तारखा पडत राहिल्या.

गावच्या पन्नास कुटुंबांच्या मंडळीलाही हाच नियम लागू पडतो. मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय तीन पायऱ्या सांगतो: आधी एकट्याने जाऊन ज्याच्याशी बिनसलं त्याच्याशी बोलावं, जमलं नाही तर एक-दोन जण सोबत न्यावेत, आणि त्यानंतरच प्रकरण मंडळीपुढे आणावं. प्रत्यक्षात पहिली पायरी गाळली जाते. तक्रार आधी उपासनेनंतरच्या घोळक्यात पोचते, मग व्हॉट्सॲपवर, आणि संबंधित माणसाला सर्वात शेवटी कळते. तोवर दोन तट पडलेले असतात आणि प्रभुभोजनाच्या मेजाजवळही लोक एकमेकांकडे पाहत नाहीत. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतही खटल्याआधी समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी बिशपांसह सर्वांवर टाकली आहे.

दुसऱ्या पायरीवरचा मध्यस्थ निवडताना काळजी हवी. पाळक स्वतः वादात एका बाजूला असेल, तर तो पंच होऊ शकत नाही; शेजारच्या मंडळीतला वडीलधारा किंवा धर्मप्रांताने नेमलेला माणूस बोलवावा. दोन्ही बाजूंचं म्हणणं वेगवेगळं ऐकावं आणि ठरलं ते दोघांच्या सहीने लिहून ठेवावं. निवडणूक, हिशेब आणि विश्वस्तांची नावं यांवरून भांडणं सर्वात लवकर पेटतात. त्यामुळे मतदारयादी वेळेत लावणं, लेखापरीक्षण सभेपुढे वाचणं, महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज मुदतीत देणं ही कामं कारकुनी समजू नयेत. मध्य प्रदेशात १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली निबंधकाचं काम जिल्हाधिकाऱ्याकडे असतं, हे सीमेवरच्या मंडळ्यांनी ध्यानात ठेवावं. ही कामं चोख करणं हीसुद्धा शेजाऱ्यावरची प्रीतीच आहे.

मात्र समेटाला एक कठोर मर्यादा आहे. मुलांवरचा अत्याचार, स्त्रीचा छळ, निधीचा अपहार हे मतभेद नव्हेत, गुन्हे आहेत. मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे. अशा वेळी ‘चर्चची बदनामी होईल’ म्हणून पीडिताला क्षमेचा उपदेश करणं हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय ठरतो. क्षमा पीडिताने स्वतःच्या वेळेनुसार करायची असते. मंडळीने ती मागून घ्यायची नसते.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पौल आणि बर्णबा यांचं मार्कवरून इतकं तीव्र भांडण झालं की ते वेगळ्या वाटांनी गेले. पुढे त्याच मार्कला पौलाने आपल्या कामासाठी उपयोगी म्हणून बोलावून घेतलं. पहिल्या पिढीतही भांडणं होती आणि ती लपवली गेली नाहीत. म्हणून मंडळीची परीक्षा भांडण झालं की नाही यावर होत नाही. दुखावलेला माणूस न घाबरता बोलू शकतो का, त्याचं ऐकायला कोणी नेमलेलं आहे का, आणि वेगळं मत ठेवूनही पुढच्या रविवारी त्याला त्याच बाकावर बसता येतं का, यावर होते. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर प्रत्येक मंडळीने हे तीन प्रश्न घ्यावेत आणि त्यांची उत्तरं कार्यवृत्तात लिहावीत.