ससा चावतो, तेव्हा…

‘ससा कधी चावतो का?’ असं विचारणाऱ्यांनी बहुधा तो पाळलेला नसतो! अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, कुठेही बघा. मुलांच्या हट्टापायी पांढऱ्या सशांची जोडी घरात येते. चार-पाच महिने मजेत जातात आणि एके दिवशी बोटाला दात लागतात. मुलं रडतात, घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘द्या सोडून वाडीत.’ मैत्रिणींनो, असं मात्र करू नका. पिंजऱ्यात वाढलेला ससा कुत्र्या-मुंगसांपुढे टिकत नाही. हा ससा मूळचा युरोपातला. आपल्या रानातला ससा वेगळा, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो पाळताच येत नाही.

ससा बहुतेक वेळा भीतीने चावतो. डोळे बाजूला असल्याने त्याला चहूकडचं दिसतं, पण नाकासमोरचं दिसत नाही. तिथे अचानक बोट आलं की तो दचकतो. हाताला भाजीचा वास असेल तर बोटच खाऊ वाटतं. मांजर कुरवाळलेला हात जवळ नेलात तर घाबरणारच!

साधारण चार ते सहा महिन्यांत ससे वयात येतात. मग पिंजरा ‘माझा’ होतो. गाभण मादी तर फारच चिडते. नर-मादी वेगळे ठेवा, कारण महिन्याभरात पिल्लं होतात आणि मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडून नसबंदी करून घेतल्यास चावरेपणा बराच कमी होतो.

शांत ससा एकाएकी चावू लागला, तर काहीतरी दुखतंय असं समजा. त्याचे दात जन्मभर वाढतात. चपाती-बिस्किटांवर ठेवलं तर ते झिजत नाहीत, गालात-जिभेत टोचतात. मुख्य खाणं गवतच हवं. आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण सशाला कांदा नि पात विषारी! जाळीवर बसून पायांना जखमा होतात, म्हणून खाली पेंढा पसरा. मे महिन्यातल्या उकाड्यात पिंजरा सावलीत, वाऱ्यावर ठेवा.

एवढं पाळाच:

• मारू नका, कान धरून उचलू नका.
• जमिनीवर बसा, त्याला जवळ येऊ द्या, कपाळावरून हात फिरवा.
• उचलताना एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली घ्या. लाथा झाडताना त्याचा कणा मोडू शकतो.
• खाऊ बशीतून द्या. तो बाहेर असतानाच पिंजरा साफ करा.

चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. सशाला आधी कुत्रा-मांजर चावलं असेल तर तेही त्यांना सांगा.

आणि हो, कान मागे पाडून त्याने मागचा पाय आपटला, की मुलांना म्हणा, ‘आता त्याला एकटं राहू दे.’ एवढं मुलं शिकली, तरी निम्मे चावे टळतील.