सुदानचा घुमट, खडकवासल्याचा काठ

दौंडच्या उसाला ज्या खडकवासल्याचं पाणी कालव्यातून मिळतं, त्याच जलाशयाच्या काठी अवकाशाकडे जाणारी एक वाट सुरू होते, हे सांगितलं तर पटेल? 1984 मध्ये राकेश शर्मा अवकाशात गेले, 2025 मध्ये शुभांशु शुक्ला. दोघेही वायुदलाचे वैमानिक, आणि दोघेही एनडीएत, म्हणजे इथल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेले!

प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीचं नाव सुदान ब्लॉक. पुण्यात सुदान कुठून आला?

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या फौजा सुदानच्या सीमेत घुसल्या. त्यांना मागे रेटण्यात भारतीय जवान आघाडीवर होते. 1941 मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या उभ्या कड्यांवर तर आठवडेच्या आठवडे झुंज चालली. या जवानांच्या स्मारकासाठी सुदानने एक लाख पौंड दिले. पुढे फाळणी झाली आणि कृतज्ञतेच्या या पैशाचीही वाटणी झाली! भारताकडे 70 हजार आले, पाकिस्तानकडे 30 हजार.

त्या देणगीतून हा ब्लॉक उभा राहिला. काळा बेसॉल्ट, जोधपूरचा तांबडा वालुकाश्म, कमानी, वर घुमट. आणि आत पाऊल टाकताच पायाखाली पांढराशुभ्र संगमरवर, तोही चक्क इटलीचा!

पण हीच जागा का? मुंबईचा समुद्र फार लांब नाही, लोहगावचा लष्करी विमानतळ जवळ, हवा उत्तम. शिवाय जलाशयाच्या उत्तर काठावर आधीच एक ‘जहाज’ होतं, एचएमएस अँगोस्टुरा. खरं जहाज नव्हेच ते! जहाजातून शत्रूच्या किनाऱ्यावर कसं उतरायचं, याचा सराव सैनिकांना देण्यासाठी युद्धकाळात उभारलेली ती प्रतिकृती होती. समुद्र नसलेल्या गावात समुद्रयुद्धाची तालीम!

इथली खरी करामत मला वेगळीच वाटते. वैमानिक होऊ पाहणारा छात्र तीन वर्षं भूदल आणि नौदलाच्या छात्रांसोबत एकाच स्क्वाड्रनमध्ये राहतो, जेवतो, धावतो. लढाऊ विमानांकडे नेणारं शिक्षण पुढचं, हैदराबादजवळच्या दुंडीगलला. उद्या डोंगरात अडकलेली तुकडी वायरलेसवर मदत मागेल, तेव्हा वर विमानात कदाचित तिच्या अधिकाऱ्याचा जुना सोबतीच असेल!

सुदान ब्लॉकचं उद्घाटन झालं 30 मे 1959 रोजी. बरोबर 66 वर्षांनी, 30 मे 2025 रोजी, प्रबोधिनीतून 17 मुलींची पहिली तुकडी संचलन करत बाहेर पडली.