वाळवीचे मूळ जमिनीत

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे गर्दी करतात आणि सकाळी खिडकीखाली गळालेल्या पंखांचा खच पडलेला दिसतो. गृहिणी तो केरसुणीने लोटून टाकते आणि साऱ्यांना त्याचा विसर पडतो. वास्तविक तो खच म्हणजे वाळवीने घराला दिलेली पहिली सूचना असते.

वर्धा जिल्ह्यातील जाम हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरील, चंद्रपूरचा रस्ता जेथे फुटतो ते गाव. समुद्रपूर तालुक्यातील या परिसराची जमीन कापसाची, काळी. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्याबरोबर घराचा पायाही हलतो आणि जोत्याला, फरशीला बारीक तडे जातात. वाळवीला मिलिमीटरभर फटही पुरते. त्यामुळे मातीचे, कवेलूंचे घर पाडून सिमेंटचे बांधले की वाळवीचा धाक सरला, हा समज येथे तरी फसवा ठरतो. भिंती सिमेंटच्या झाल्या तरी दाराच्या चौकटी पुष्कळदा लाकडीच असतात आणि कपाटात सातबारा, गुणपत्रिका, शाळेची हजेरीपुस्तके असतातच. चौकट नवी बसविता येते. दाखलखारीज नोंदवही एकदा मातीमोल झाली, की एखाद्याच्या जन्मतारखेचा पुरावाच नाहीसा होतो.

वाळवीला पांढरी मुंगी म्हणण्याचा प्रघात असला तरी कुळाने ती झुरळाची नातलग आहे. आपल्याकडील बहुतेक उपद्रवी वाळवी जमिनीखाली राहते. राणी व तिचा संसार मातीत खोल असतो; घरात येतात ते केवळ कामकरी. त्यांचे अंग इतके मऊ, की उघड्या हवेत ते लवकर सुकते. म्हणूनच ते भिंतीवरून मातीच्या नळ्या बांधीत, अंधारातून आणि ओलाव्यातून लाकडापर्यंत पोहोचतात. ही एक गोष्ट ध्यानात घेतली, की उपायांची दिशा आपोआप ठरते. लाकडावर रॉकेल शिंपडणारा गृहस्थ दाराशी आलेल्या मजुरांना हाकलतो; त्यांची वसाहत जमिनीत सुखरूप राहते.

ओळख पटविणे अवघड नाही. जोत्यावर, चौकटीच्या बुडाशी, न्हाणीघराच्या भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या रेषा शोधाव्यात. लाकडावर टिचकी मारून पोकळ आवाज येतो का ते पाहावे. नळी थोडी फोडून ठेवावी. दोन-चार दिवसांत ती पुन्हा सांधली गेली, तर वाळवी जागती आहे असे समजावे.

प्रतिबंधाचे सूत्र एकच : माती आणि लाकूड यांची गाठ पडू देऊ नये. सरपण भिंतीला लावून रचू नये. गळके नळ दुरुस्त करावेत, पावसाचे पाणी जोत्यापासून दूर काढावे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे असावे आणि कागदांचे गठ्ठे जमिनीवर ठेवू नयेत. सागाचा पक्का गाभा वाळवीला बराच काळ दाद देत नाही. त्याच सागाचे कच्चे, फिके लाकूड मात्र ती सहज खाते. बांबू वापरायचा असल्यास बोरॅक्स व बोरिक आम्ल यांच्या द्रावणात भिजवून घ्यावा.

घर बांधतानाच पायाच्या मातीवर औषध घालणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. भारतीय मानक ६३१३ मध्ये त्याची रीत दिली आहे. जोत्याच्या भरावावर दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण घालावे लागते. उभ्या घरात भिंत व फरशी यांच्या सांध्यावर ३०० मिलिमीटर अंतराने १२ मिलिमीटरची छिद्रे पाडून प्रत्येकात लिटरभरापर्यंत द्रावण सोडतात व छिद्रे बुजवितात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, आणि विहीर वा बोअर जवळ असल्यास दुप्पट सावधगिरीने.

या सावधगिरीला इतिहास आहे. एके काळी वाळवीवर सर्रास वापरले जाणारे आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही द्रव्ये माती व प्राणिदेहात वर्षानुवर्षे साचतात, हे कळल्यावर २००१ च्या स्टॉकहोम कराराने त्यांच्यावर बंधन आणले. त्यांची जागा घेणारे क्लोरपायरिफॉसही मे २०२५ मध्ये, काही अपवाद ठेवून, त्याच यादीत घेण्याचे ठरले. आजचे रामबाण औषध उद्याचे विष ठरते, तेव्हा सर्व भिस्त औषधावर ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

याच जिल्ह्यात दुसरा धडाही उपलब्ध आहे. १९३६ साली गांधीजी ज्या शेगावात राहावयास आले, त्या सेवाग्रामातील आश्रमाच्या कुट्या माती, बांबू व लाकूड यांच्याच आहेत. त्या आजही उभ्या आहेत, त्या नित्याच्या देखभालीमुळे. घरकुलासाठी कर्ज काढणाऱ्या कुटुंबाने, तसेच शाळेच्या मुख्याध्यापकाने, मृगापूर्वी एक दिवस आणि दिवाळीपूर्वी एक दिवस हातात बत्ती घेऊन कोपरा न् कोपरा पाहावा. पायाचा खड्डा उघडा असतानाच ग्रामपंचायतीने औषधाची चौकशी करावी. वाळवी शांतपणे काम करते, म्हणूनच माणसाने जागे राहावयाचे असते.