एकच मोबाईल आणि थोरलीचे डोळे

शाळा उघडून आता वर्षे झाली, तरी गृहपाठ अजून व्हॉट्सॲपवर येतोच. "मोबाईलने पोराचे डोळे खराब झाले" ही तक्रारही वस्तीत घरोघरी ऐकू येते. म्हणून २०२० सालची आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. त्यात चूक आमची होती.

मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. जूनमध्ये थोरली दहावीत गेली, धाकटा तिसरीत. घर दोन खोल्यांचे, मोबाईल एक. आमच्यापैकी एकजण गवंडीकामावर, आणि मोबाईल त्याच्याच खिशात, कारण ठेकेदाराचा फोन चुकला की दुसऱ्या दिवसाचा रोज गेला. जुलैत रोवणी लागली तशी दुसरीही दिवसभर बांधीत. सकाळी अकराला सरांनी पाठवलेला धडा मुलांच्या हाती पडायचा संध्याकाळी सातला.

धाकट्याचे बरे होते. त्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' लागायचे. आजीसोबत तोही बघायचा. थोरलीला मात्र मोबाईलशिवाय दुसरा मार्ग नव्हता. सर वहीच्या पानांचे फोटो पाठवत. बोटभर अक्षर मोठे करून, सरकवत सरकवत ती उतरवून घ्यायची. सगळे झोपले की दिवा मालवून, चादरीत, रात्री अकरा-बारापर्यंत. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ऑनलाइन वर्गांची मर्यादा सांगितली होती : नववी ते बारावीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे चार तास, त्याहून जास्त नको. पण वर्ग संपल्यावर फोटो उतरवण्यात जो वेळ जातो, तो कोणी मोजला?

ऑगस्टच्या शेवटी गोसीखुर्दचे पाणी सुटले आणि वैनगंगेने काठची गावे वेढली. आमचे नातेवाईक दोन लेकरे घेऊन आमच्याकडे आले. एका मोबाईलवर आता चार पोरे. त्यातच वीज गेली की चिमणीच्या उजेडात अभ्यास.

त्याच दिवसांत थोरलीचे डोके दुखायला लागले. रोज संध्याकाळी कपाळ धरून बसायची. आजी म्हणाली, "पोरीचे डोरे गेले तं कोन करल तिले?" आम्हालाही ते पटले. आम्ही तिचा मोबाईल बंद केला. धाकट्याचा नाही, पाहुण्यांच्या मुलाचाही नाही. फक्त तिचा. तेव्हा हे आमच्या लक्षातही आले नाही. ती काही बोलली नाही. मैत्रिणीच्या घरून वही आणून उतरवायला लागली. पंधरा दिवसांनी तेही थांबले, आणि ती स्वयंपाकाला जास्त वेळ द्यायला लागली. आम्हाला वाटले, बरे झाले, डोळ्यांना आराम.

डोकेदुखी काही थांबली नाही.

एके दिवशी गल्लीच्या टोकाला ती उभी होती. कामावरून सायकलने येताना आम्ही हात केला, तर तिने ओळखलेच नाही. अगदी जवळ गेल्यावर हसली. घरी येऊन धाकट्याला समोरच्या किराणा दुकानाची पाटी वाचायला लावली. त्याने धडाधड वाचली. थोरली डोळे बारीक करून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी रोज बुडवून सरकारी दवाखाना गाठला. नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी तक्त्यासमोर बसवून तपासले. दोन्ही डोळ्यांना उणे दीडचा नंबर, उजव्याला थोडा तिरका नंबरही. हा नंबर दोन-चार महिन्यांचा नाही, जुना असावा, असे त्यांचे म्हणणे. शाळेत ती पहिल्या बाकावर बसायची, म्हणून निभावून गेले. एरवी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन मुलांना तपासते. पण शाळाच बंद, तर पथक येणार कुठे?

आम्ही विचारले, मोबाईलने झाले का? त्यांनी सरळ हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. तासन् तास जवळचे बघणे आणि उघड्यावर न खेळणे, याने दूरचे न दिसण्याचा नंबर लागण्याचा, वाढण्याचा धोका असतो. अंधारात लहान पडदा बघितला की डोळ्यांवर ताण येतो, पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. पण ज्याला चष्मा हवा त्याला चष्माच हवा. मोबाईल काढून घेतल्याने नंबर जात नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हेही खोटे. शाळकरी मुलांना चष्मा मोफत देण्याची सरकारी तरतूद आहे, ती दवाखान्यात विचारावी. आम्ही लाजून विचारले नाही आणि पैसे मोजले.

मोबाईल तिला परत दिला, पण बघण्याची रीत बदलली. पाटावर तांदळाचा डबा, त्याला टेकवून मोबाईल, हातभर अंतरावर. दिवा लावूनच. जे ऐकून भागते ते नुसते ऐकायचे. दर वीस मिनिटांनी उठून वीस सेकंद दारातून दूरच्या चिंचेकडे बघायचे. फोटो उतरवण्याचे काम सकाळी सहाला, मोबाईल कामावर जाण्याआधी, अंगणातल्या उजेडात. झोपण्याआधी तासभर मोबाईल नाही, हा नियम मोठ्यांनाही. तो पाळणे आम्हालाच जड गेले, पोरांना नाही.

आपल्या भागात सिकलसेलची लेकरे बरीच आहेत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे सांगतो. अशी मुले एका जागी बसली की पाणी प्यायचे विसरतात, आणि पाणी कमी पडले की अंग दुखण्याचा झटका येऊ शकतो. त्यांच्याजवळ भरलेला तांब्या ठेवा. सिकलसेलचा त्रास डोळ्याच्या पडद्यालाही होतो आणि सुरुवातीला काहीच कळत नाही. म्हणून दहा वर्षांपुढच्या एसएस मुलांचा पडदा दरवर्षी, बाहुली मोठी करून, तपासून घ्यावा. आणि कोणत्याही मुलाला अचानक दिसेनासे झाले, बाहुलीत पांढरे दिसले किंवा डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना.

२०२१ ची दहावीची परीक्षा शेवटी झालीच नाही. नववीचे गुण आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लागला. अंतर्गत मूल्यमापनासाठी वह्या पूर्ण हव्या होत्या. थोरलीच्या वहीत सप्टेंबरची पंधरा-वीस पाने कोरी होती. चष्मा आल्यावर दिवाळीत, घरात सगळे फराळाला बसले असताना, तिने ती पाटावर बसून भरली.