वारसा यादीनंतरचे काम

मुंबईत काळा घोडा परिसरात एस्प्लनेड मॅन्शन ही इमारत उभी आहे. इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी खांब आणि तुळया जहाजाने आणून १८६० च्या दशकात तिचा सांगाडा जोडला गेला. तेव्हा ती वॉटसन हॉटेल म्हणून ओळखली जाई. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम इथेच दाखवली गेली. २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. विशेष म्हणजे ही इमारत वारसा यादीत होती.

ती यादी हे मुंबईचे मोठे कर्तृत्व आहे. १९९५ मध्ये मंजूर झालेली वारसा नियमावली ही अशा प्रकारची देशातली पहिली. तोवर कायद्याचे संरक्षण प्रामुख्याने किल्ले, लेणी, मंदिरे अशा स्मारकांना मिळत होते. या नियमावलीने ६३३ वास्तू व परिसर नोंदवले आणि माणसे राहतात, दुकाने चालतात अशा इमारतींनाही वारसा मानले. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला जवळपास हात लावायचा नाही, दुसरीत मर्यादित बदल करता येतात, तिसरीत अधिक मोकळीक. बदलाची परवानगी देताना महापालिका आयुक्त वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेतात.

नोंद झाली, तरी दुरुस्तीला पैसे लागतात. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली. महिन्याच्या भाड्यात गळके छप्पर दुरुस्त होईना, आणि मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ आणले, पण जुन्या इमारतींची संख्या प्रचंड होती. मग उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) हा नियम आला. त्यात भाडेकरूला मोफत घर आणि विकासकाला वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाचा हक्क मिळतो. जिन्याखालच्या सामाईक संडासासाठी रांग लावणाऱ्या कुटुंबाला टॉवरमधले स्वतःचे घर हवे वाटले, तर त्यात गैर काहीच नाही. पण या हिशोबात पाडणे फायद्याचे ठरते आणि जपणे तोट्याचे.

नुकसान भरून निघावे म्हणून वारसा मालकाला टीडीआर, म्हणजे न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची सोय दिली गेली. कल्पना चांगली, परंतु जिथे जुन्या इमारतीनेच अनुज्ञेय चटईक्षेत्र वापरून टाकले आहे, अशा दाट फोर्ट-गिरगावात विकायला फारसे उरत नाही.

जपणूक अशक्य नाही, हे गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाऊसने दाखवले. बालगंधर्वांनी गाजवलेले हे नाट्यगृह १९९३ मध्ये बंद पडले होते. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन २०१६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. पण तिथे मालक एकच होता, भाडेकरूंचा प्रश्न नव्हता आणि वास्तूचा मूळ वापरही परत आणता आला. शंभर बिऱ्हाडांच्या चाळीत यांतले काहीच नसते.

म्हणून पुढची लढाई चाळींच्या जिन्यांवर लढावी लागेल. पुनर्विकासातून मिळणाऱ्या अधिमूल्याचा (प्रीमियमचा) ठरावीक हिस्सा वारसा इमारतींच्या दुरुस्तीला राखून ठेवावा. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापले की ओल आतच कोंडते. तेव्हा चुना आणि सागवानाचे काम जाणणाऱ्या कारागिरांना नियमित काम मिळावे. आणि रहिवाशांना जुन्याच इमारतीत सुरक्षित छत, पाणी आणि स्वतंत्र संडास द्यावा. राहणाऱ्याला इमारत टिकण्यात स्वतःचे हित दिसले, तरच यादीतली नोंद तिला वाचवू शकेल.