दहा बाय दहाची खोली, दहा मिनिटांचा व्यायाम

“ताई, दिवसभर धुणीभांडी करून अंग मोडून निघतं. आता आणखी व्यायाम कसला?” वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न खरा आहे. पण काम आणि व्यायाम यांत फरक आहे. कामात आपण तासन्‌तास वाकलेले असतो, एकाच हातावर भार येतो आणि विसावा आपल्या हातात नसतो. व्यायामात भार किती घ्यायचा, कधी थांबायचे, हे आपण ठरवतो.

तिशी-चाळिशीनंतर स्नायूंची ताकद हळूहळू कमी होत जाते. मांडीचे स्नायू अशक्त झाले की गुडघ्यांवर ताण वाढतो. रोजंदारीच्या घरात गुडघे गेले की मजुरीही जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे की, प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालण्यासारखी हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. कामावर जाताना १५ मिनिटे आणि येताना १५ मिनिटे असे पाच दिवस चाललात, तरी १५० मिनिटे भरतात. तेवढे जमले नाही तरी काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले केव्हाही चांगले.

ताकदीचा व्यायाम घरातच करता येतो:

१. जागेवर चालणे : दोन मिनिटे, हात हलवत. अंग मोकळे होते.
२. उठणे-बसणे : कॉटच्या काठावर किंवा खुर्चीवर बसा. हाताचा आधार न घेता उठा, सावकाश बसा. गुडघे दुखत असतील तर खाली उशी ठेवून बैठक उंच करा.
३. भिंत ढकलणे : हातभर अंतरावर उभे राहून तळवे भिंतीला टेकवा. कोपर वाकवून छाती भिंतीकडे न्या, परत मागे या.
४. बाटल्या उचलणे : पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो वजन. दोन्ही हातांत एकेक घेऊन खांद्यापर्यंत उचला.
५. कंबर उचलणे : चटईवर पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पाय टेकवून कंबर वर उचला.
६. टाचा उचलणे : भिंतीला हात लावून चवड्यांवर उभे राहा, सावकाश खाली या.

पहिल्या आठवड्यात दोन ते सहा हे प्रकार प्रत्येकी पाच वेळा करा. मग दर आठवड्याला एक-दोन वाढवत दहापर्यंत जा. पुढे तेच दोनदा करा. श्वास रोखू नका.

खरी अडचण सुरू करण्याची नाही, टिकवण्याची आहे. नोकरीत असताना कंबर धरली म्हणून मी एकदम तासभर व्यायाम सुरू केला. तिसऱ्या दिवशी अंग इतके दुखले की महिनाभर नाव घेतले नाही. मग ठरवले, सकाळी चहाचे आधण ठेवले की दहा वेळा उठायचे-बसायचे, बस्स. ते टिकले. तुम्हीही रोजच्या एखाद्या कामाला व्यायाम जोडा. कॅलेंडरवर रोज फुली मारा. एक दिवस चुकला तर चुकू द्या, दुसरा चुकवू नका. शेजारणीला सोबत घ्या. नळावर भेटलात की एकमेकींना विचारा, “आज झालं का?” आणि घरातल्या पुरुषांनो, ती दहा मिनिटे लेकरू तुम्ही सांभाळा. मग तुम्हीही करा.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये. गरोदर बाया, हृदयाचे रुग्ण आणि नुकतेच ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले, दम कोंडला किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. “थोडं बसले की बरं वाटेल” म्हणत घरी थांबू नका.

उद्या सकाळी चहा ठेवाल तेव्हा पाच वेळा उठा-बसा. सुरुवात तेवढ्यानेच होते.